पुरावा किती भक्कम असावा? गणितापासून पारलिंगी आरोग्यापर्यंत

विद्यापीठांतले संशोधन वाचकापर्यंत बहुधा एकाच साच्यातून पोहोचते. ‘संशोधकांनी सिद्ध केले’ हे शब्द मूळ संख्यांविषयीच्या नव्या प्रमेयालाही लावले जातात, नव्या मूलकणाच्या शोधालाही लावले जातात आणि पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या संप्रेरक, म्हणजे हार्मोन, उपचारांविषयीच्या निष्कर्षांनाही. तिन्हीकडचे संशोधक सारख्याच चिकाटीने काम करतात आणि एकमेकांच्या चुका शोधतात. परंतु किती खात्री पटल्यावर एखादी गोष्ट मान्य करायची, याचे त्यांचे नियम वेगवेगळे आहेत. हे नियम लहरीने ठरलेले नाहीत. अभ्यासाची वस्तू किती वेळा तपासता येते, तिच्यावर किती नियंत्रण ठेवता येते आणि उत्तर मिळेपर्यंत थांबण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, या तीन गोष्टींवर ते उभे आहेत. त्यांपैकी तिसऱ्या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

नव्वद कोटी उदाहरणे अपुरी पडतात तेव्हा

गणिताचा नियम सर्वांत कडक आहे. नियम अनंत संख्यांविषयी असेल, तर कितीही उदाहरणे जमली तरी त्यांनी तो सिद्ध होत नाही. युक्तिवादच असा हवा की त्यात त्या सर्व संख्या एकदम सामावल्या पाहिजेत. ही अट अवाजवी वाटू शकते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने एक साधी अटकळ मांडली. कोणतीही पूर्ण संख्या घ्यावी आणि तिचे मूळ अवयव मोजावेत. तोच अवयव पुन्हा आला तर पुन्हा मोजावा. ७ मध्ये एकच मूळ अवयव आहे, म्हणून ती विषम गटात जाते. ६ म्हणजे २ गुणिले ३, अवयव दोन, म्हणून सम गट. ८ म्हणजे २ गुणिले २ गुणिले २, अवयव तीन, पुन्हा विषम. १ ला मूळ अवयवच नाही, त्यामुळे अवयवांची संख्या शून्य आणि गट सम. १ ते १० या संख्या अशा वेगळ्या केल्या तर विषम गटात २, ३, ५, ७ आणि ८ येतात, सम गटात १, ४, ६, ९ आणि १०, दोन्हीकडे पाच-पाच. पोल्या यांची अटकळ अशी होती की १ च्या पुढे आपण कोठेही थांबलो, तरी तिथपर्यंतच्या संख्यांत विषम गट निम्म्याहून कमी कधीच भरणार नाही.

हजारापर्यंत मोजले, लाखापर्यंत मोजले, कोटीपर्यंत मोजले, तरी हे खरेच ठरते. १९५८ मध्ये ब्रायन हेझलग्रोव्ह यांनी ही अटकळ चुकीची असल्याचे सिद्ध केले, तेव्हा ती मोडणारी एकही प्रत्यक्ष संख्या त्यांच्या हाती नव्हती. अशी संख्या कोठे तरी असलीच पाहिजे, एवढेच त्यांनी दाखवून दिले होते. अशा संख्यांपैकी सर्वांत लहान संख्या १९८० मध्ये सापडली. ती आहे ९०,६१,५०,२५७. म्हणजे नव्वद कोटींहून अधिक संख्या ओळीने अटकळीच्या बाजूने उभ्या होत्या, आणि तरीही अटकळ खोटी होती. वैद्यकात एखाद्या निरीक्षणाला याच्या लक्षांशानेही पाठिंबा मिळाला असता तर त्याविषयी कोणी प्रश्न विचारला नसता. गणितज्ञ उदाहरणांवर विसंबत नाहीत, याचे कारण असे अनुभव आहेत.

तथापि, सिद्धता मिळाल्यावर शंकेला जागाच राहत नाही, असे मानणेही भाबडेपणाचे होईल, कारण सिद्धता तपासणारी माणसेच असतात. अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला फर्माच्या अंतिम प्रमेयाची सिद्धता जाहीर केली, तेव्हा गणितविश्वात आनंदोत्सव झाला. परंतु बारकाईने तपासताना तिच्यात एक गंभीर फट आढळली. ती बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला, रिचर्ड टेलर यांचे साहाय्य घ्यावे लागले आणि अखेर १९९५ मध्ये सिद्धता छापून आली. एकाच आकाराचे गोल जास्तीत जास्त दाटीने कसे रचता येतील, याविषयी केप्लरने १६११ मध्ये मांडलेल्या अटकळीची कथा आणखी बोलकी आहे. थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये तिची सिद्धता दिली, पण तिचा मोठा भाग संगणकाच्या आकडेमोडीवर आधारलेला होता. बारा परीक्षकांच्या गटाने अनेक वर्षे खपून ‘९९ टक्के खात्री’ असल्याचे कळवले, आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हेल्स यांचे मात्र एवढ्यावर समाधान झाले नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्धतेची पायरीन् पायरी संगणकाला तपासता येईल अशा तर्कभाषेत मांडली, आणि हे काम २०१४ मध्ये पुरे झाले.

केप्लरची अटकळ जवळपास चारशे वर्षे अनिर्णित राहिली, पण त्यामुळे कोणाचा उपचार अडला नाही. गणिताला थांबणे परवडते, आणि म्हणूनच त्याला संपूर्ण खात्रीचा आग्रह धरता येतो.

समीकरण ते शोध

सैद्धांतिक भौतिकीची भाषा गणिताची असते, पण निवाडा निसर्गाच्या हाती असतो. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे समीकरण मांडले. त्यातून इलेक्ट्रॉनइतकेच वस्तुमान आणि विरुद्ध विद्युतभार असलेल्या कणाची शक्यता पुढे आली, आणि १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत तो कण, म्हणजे पॉझिट्रॉन, प्रत्यक्ष आढळला. सगळ्या भाकितांचे नशीब इतके चांगले नसते. हिग्ज कणाची कल्पना १९६४ ची. तो सापडल्याची घोषणा सर्न या प्रयोगशाळेने ४ जुलै २०१२ रोजी केली. मधल्या ४८ वर्षांत सिद्धांताला पूरक असे कितीतरी पुरावे मिळाले होते, तरीही कण ‘सापडला’ असे कोणी म्हटले नाही.

ते म्हणण्यासाठी कणभौतिकीत पाच सिग्मांची अट आहे. प्रोटॉनांच्या अब्जावधी टकरींची नोंद करताना आलेखावर लहानमोठे उंचवटे योगायोगानेही उमटतात. असे योगायोगाचे चढउतार सर्वसाधारणपणे किती मोठे असतात, याचे माप म्हणजे सिग्मा. पाच सिग्मांचा उंचवटा याचा अर्थ असा, की नवा कण मुळीच नसताना केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक आहे. नाणे उडवल्यावर सलग बावीस वेळा छापा पडावा, साधारण तितकी ती दुर्मीळ आहे. येथे एक गल्लत वारंवार होते. ही ‘कण नसण्याची’ शक्यता नाही. कण नसेल असे गृहीत धरल्यावर अशी नोंद मिळण्याची ती शक्यता आहे, आणि या दोन विधानांत मोठे अंतर आहे. उपकरणच सदोष असेल तर सिग्मांची संख्या कितीही वाढली तरी उपयोग नसतो. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगातील संशोधकांनी कळवले, की सर्नपासून इटलीतील ग्रान सास्सोपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर अंतर न्यूट्रिनो हे मूलकण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पार करत आहेत. सांख्यिकीच्या कसोटीवर तो निष्कर्ष भक्कम होता. पुढे त्याचे मुख्य कारण सापडले ते म्हणजे नीट न बसलेली एक प्रकाशतंतूची जोडणी.

अट इतकी कडक का, याचे उत्तर डिसेंबर २०१५ मधील एका घटनेत मिळते. सर्नच्या दोन स्वतंत्र प्रयोगांत ७५० जीईव्ही या ऊर्जेच्या आसपास एक उंचवटा दिसला. एका प्रयोगात तर तो तीन सिग्मांच्याही पुढे गेला होता. त्यानंतरच्या काही महिन्यांत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचे स्पष्टीकरण देणारे सुमारे पाचशे शोधनिबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक टकरींची मोजणी हाती आली आणि उंचवटा नाहीसा झाला. यात फसवणूक कोणाचीच नव्हती. शेकडो ठिकाणी शोध घेतला की त्यांतल्या एखाद्या ठिकाणी योगायोग मोठा दिसणारच, आणि तो ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पुन्हा मोजणे. भौतिकीला हे शक्य होते, कारण एक प्रोटॉन दुसऱ्या प्रोटॉनसारखा तंतोतंत असतो, हव्या तितक्या टकरी घडवता येतात, आणि त्यासाठी प्रोटॉनांची संमती घ्यावी लागत नाही.

ते पाचशे निबंध इतक्या झपाट्याने लोकांसमोर येऊ शकले ते आर्काइव्ह या खुल्या भांडारामुळे. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये ते सुरू केले, आणि भौतिकी व गणितातले बहुतेक संशोधन परीक्षकांच्या तपासणीआधीच तेथे वाचायला मिळते. वैद्यकासाठी असेच मेडआर्काइव्ह हे भांडार सुरू व्हायला मात्र २०१९ साल उजाडले. तेथे निबंध स्वीकारण्यापूर्वी तो प्रसिद्ध झाल्याने लोकांच्या आरोग्याला धोका पोहोचेल का, हे पाहिले जाते, आणि हे लेखन उपचार ठरवण्यासाठी वापरू नये अशी सूचना निबंधासोबत दिलेली असते. मूलकणांविषयीचा चुकीचा निबंध वाचकाचा वेळ घालवतो. औषधाविषयीचा चुकीचा निबंध आजच कोणाच्या तरी गोळ्या बदलू शकतो.

माणसे प्रोटॉन नसतात

वैद्यकात प्रत्येक सहभागी व्यक्ती वेगळी असते, ती मध्येच अभ्यास सोडून जाऊ शकते, आणि तिला बरे वाटण्यामागे औषधाखेरीज अनेक कारणे असू शकतात. यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे यादृच्छिक नियंत्रित चाचणी: लोकांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागायचे, एका गटाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि शक्य असेल तर कोण कोणत्या गटात आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही लपवून ठेवायचे. दुसऱ्या गटाची गरज का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. माणूस डॉक्टरकडे बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर जातो. त्रासात चढउतार होतच असतात, त्यामुळे त्यानंतर तो काहीही न करताही थोडा ओसरतो. तुलनेसाठी गट नसेल तर या आपोआप झालेल्या सुधारणेचे श्रेय उपचाराच्या पदरात पडते.

अशी चाचणी सर्वत्र करता येत नाही. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे कोणत्याही यादृच्छिक चाचणीने सिद्ध झालेले नाही, कारण लोकांना वर्षानुवर्षे सिगारेटी ओढायला लावणे अनैतिक ठरले असते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये रुग्णालयांतल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली आणि १९५१ पासून सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी व आजारांचा माग ठेवला. ओढलेल्या सिगारेटींच्या संख्येबरोबर धोका वाढतो, सवय सोडल्यावर कमी होतो, वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांत तेच आढळते आणि जीवशास्त्रीय कारणही पटण्याजोगे आहे, असे अनेक बाजूंनी आलेले पुरावे एकमेकांना आधार देत गेले. त्यांच्या बेरजेतून निष्कर्ष निघाला, आणि आज त्याविषयी कोणालाही शंका नाही.

पारलिंगी आरोग्याचे संशोधन समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी लक्षात असावी लागते. जन्मतः नोंदवलेले लिंग आणि स्वतःची लिंगभावाची जाणीव यांत ज्यांच्या बाबतीत विसंगती असते, त्यांना कधी संप्रेरके, कधी शस्त्रक्रिया, कधी मानसिक आधार लागतो, आणि कधी यांतले काहीच लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित प्रकरणात ठेवली. ही आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

या क्षेत्रात चाचण्या घेणे विशेष कठीण आहे. लोकसंख्या लहान आणि विखुरलेली आहे. गट लपवून ठेवणे जवळपास अशक्य असते, कारण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणाऱ्याचा आवाज काही महिन्यांत जड होतो आणि त्याला खरे औषध मिळत असल्याचे तो आणि त्याचे डॉक्टर दोघेही ओळखतात. शिवाय, उपचाराची निकड असलेल्या माणसाला तुलनेसाठी वर्षानुवर्षे उपचाराविना ठेवणे नैतिकदृष्ट्या मान्य होत नाही. मेलबर्नमधल्या संशोधकांनी यातून एक सरळ मार्ग काढला. टेस्टोस्टेरॉन सुरू करू इच्छिणाऱ्या ६४ प्रौढांना त्यांनी दोन गटांत यादृच्छिक रीतीने विभागले. एका गटाला उपचार लगेच दिला, दुसऱ्याला तीन महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर. एरवीही प्रतीक्षायादीत लोकांना तेवढे थांबावे लागत असल्यामुळे कोणाचे अधिक नुकसान झाले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लगेच उपचार मिळालेल्या गटात लिंगभावाशी निगडित अस्वस्थता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार तीन महिन्यांत प्रतीक्षा करणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी झाले. चाचणी लहान आहे, मुदत थोडी आहे आणि गट लपवलेले नव्हते. या मर्यादा खऱ्या आहेत. तरीही केवळ निरीक्षणावर आधारलेल्या अनेक अभ्यासांपेक्षा ती एका महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर अधिक भक्कमपणे देते.

पुराव्याची प्रतवारी करण्यासाठी वैद्यकात ग्रेड नावाची पद्धत मोठ्या प्रमाणात वापरली जाते. तिच्यात खात्रीचे चार स्तर आहेत: उच्च, मध्यम, कमी आणि अत्यंत कमी. यादृच्छिक चाचण्यांची सुरुवात वरच्या स्तरापासून होते आणि निरीक्षणात्मक अभ्यासांची साधारणपणे ‘कमी’ या स्तरापासून; मग दोष आढळले तर प्रत उतरते, परिणाम फार मोठा असेल तर चढते. एखाद्या उपचाराविषयीच्या पुराव्याची खात्री ‘कमी’ आहे, याचा अर्थ पुढील अभ्यासांनी परिणामाचा अंदाज बराच बदलू शकतो, एवढाच असतो. उपचार निरुपयोगी ठरला, असे त्यातून निघत नाही. तो नक्की गुणकारी आहे, असेही निघत नाही. वैद्यकाच्या इतर शाखांतही, विशेषतः दुर्मीळ आजारांत आणि बालरोगांत, अनेक प्रचलित उपचार याच स्तरावरच्या पुराव्यावर दिले जातात. बातम्यांच्या मथळ्यांत हा तपशील जवळजवळ नेहमीच गळून पडतो, आणि हे मला अतिशय खटकते, कारण मथळे वाचणाऱ्यांत स्वतः उपचार घेणारेही असतात.

पंधरा रुग्ण, दोन गुणोत्तरे

निरीक्षणात्मक अभ्यास कसा वाचावा, याचे एक उदाहरण थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. ॲमस्टरडॅमच्या लिंगभाव चिकित्सालयात १९७२ पासून उपचार घेतलेल्यांच्या नोंदी राष्ट्रीय नोंदींशी जोडून डच संशोधकांनी २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. संप्रेरके घेणाऱ्या २,२६० पारलिंगी स्त्रियांमध्ये, म्हणजे जन्मतः पुरुष अशी नोंद झालेल्या पण लिंगभावाने स्त्री असलेल्या व्यक्तींमध्ये, आसपासच्या ऊतींत पसरू शकणाऱ्या कर्करोगाच्या १५ रुग्ण आढळल्या. सर्वसाधारण पुरुषांशी तुलना केली तर हा धोका ४६ पटींहून अधिक भरतो. सर्वसाधारण स्त्रियांशी तुलना केली तर तोच धोका एक तृतीयांशाहूनही थोडा कमी, म्हणजे ०.३ पट येतो. रुग्ण तेच पंधरा. एवढ्याच लोकांच्या गटात पुरुषांच्या प्रमाणाने एखादी तरी केस अपेक्षित धरता आली नसती, आणि स्त्रियांच्या प्रमाणाने सुमारे पन्नास अपेक्षित होत्या. पुरुषांमध्ये हा कर्करोग मुळातच अत्यंत दुर्मीळ असल्याने पहिले गुणोत्तर डोळ्यांत भरण्याइतके फुगते. ज्याला भीती घालायची आहे तो पहिला आकडा सांगेल, ज्याला धीर द्यायचा आहे तो दुसरा. उपचार घेणाऱ्या स्त्रीला दोन्ही आकडे आणि त्यांच्यामागचे पंधरा व २,२६० हे आकडेही कळायला हवेत. त्यांतून निघणारा व्यवहार्य सल्ला असा, की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेणाऱ्या पारलिंगी स्त्रियांनी स्त्रियांसाठी असलेल्या स्तनतपासणीच्या नियमांकडे लक्ष द्यावे.

याच चिकित्सालयाच्या अनुभवातून आणखी एक मोलाची गोष्ट शिकायला मिळाली, आणि तिने उपचारच बदलला. पूर्वी पारलिंगी स्त्रियांना इथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन दिले जाई. गर्भनिरोधक गोळ्यांतही तेच असते. ते घेणाऱ्यांमध्ये शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अनेक पटींनी जास्त असल्याचे नोंदींतून दिसले. पुढे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांनी कारणही दाखवले: रक्त गोठण्याला आळा घालणाऱ्या एका नैसर्गिक प्रथिनाला रक्ताने द्यायचा प्रतिसाद या औषधामुळे मंदावतो, आणि हा परिणाम नैसर्गिक इस्ट्राडिओलच्या बाबतीत तेवढा दिसत नाही. आता हे औषध या कामासाठी टाळले जाते, आणि गुठळ्यांचा धोका अधिक असणाऱ्यांना त्वचेवाटे दिले जाणारे इस्ट्राडिओल सुचवले जाते. यादृच्छिक चाचणी न होताही हा निर्णय योग्य ठरला, कारण रुग्णांच्या नोंदी आणि रक्ताचे रसायन दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवत होते.

पश्चात्तापाविषयीचे आकडे वाचतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. ॲमस्टरडॅमच्या १९७२ ते २०१५ या काळातल्या ६,७९३ जणांच्या नोंदींत, जननग्रंथी, म्हणजे वृषण किंवा अंडाशय, काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ०.६ टक्के पारलिंगी स्त्रियांना आणि ०.३ टक्के पारलिंगी पुरुषांना पश्चात्ताप झाल्याचे आढळले. प्रमाण अतिशय कमी आहे, आणि हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु तो शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या आणि चिकित्सालयाकडे ज्यांचा पश्चात्ताप नोंदला गेला अशांविषयीच आहे. चिकित्सालयात पुन्हा न आलेल्यांविषयी त्यातून कमी कळते, आणि आज वेगळ्या वयात, वेगळ्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

सर्वांत तीव्र वाद किशोरवयीनांविषयी आहे. वयात येण्याची प्रक्रिया तात्पुरती रोखून धरणारी औषधे अकाली वयात येणाऱ्या बालकांना अनेक दशकांपासून दिली जातात. लिंगभावाची अस्वस्थता असलेल्या किशोरवयीनांसाठी त्यांच्या वापराची पद्धत नेदरलँड्समध्ये विकसित झाली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांनी केलेला आढावा एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण झाला, आणि यॉर्क विद्यापीठाने त्यासाठी केलेल्या पद्धतशीर परीक्षणांत या औषधांच्या फायद्यांविषयीचा पुरावा कमकुवत असल्याचे म्हटले गेले. त्याच्या आदल्याच महिन्यात तेथील आरोग्य सेवेने या वयोगटासाठी ही औषधे नेहमीच्या उपचारातून काढली होती. दुसरीकडे, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधल्या वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, प्रत्येक किशोरवयीनाचे काळजीपूर्वक मूल्यमापन करून हा पर्याय वापरता येईल, अशी भूमिका घेतली. दोन्हीकडच्या तज्ज्ञांसमोर अभ्यास बहुतांशी तेच होते.

मग निर्णय वेगळे का? कारण पुरावा अपुरा असताना काय करायचे, हे पुराव्यातूनच ठरत नाही. औषध देण्यात जोखीम आहे: औषध चालू असताना हाडांची घनता अपेक्षित वेगाने वाढत नाही, आणि पुढे संप्रेरके घेतली तर प्रजननक्षमतेचा प्रश्न उभा राहतो. औषध न देण्यातही जोखीम आहे: वयात येताना आवाज, चेहऱ्याची ठेवण, स्तनांची वाढ यांत होणारे बदल नंतर औषधांनी मागे नेता येत नाहीत. थांबणे हाही येथे एक निर्णय आहे, आणि त्याचे परिणाम शरीरावर राहतात. या दोन जोखमींना किती वजन द्यायचे, यावर विचारी माणसांची मते वेगळी असू शकतात. मात्र ‘पुरावा शून्य आहे’ आणि ‘प्रश्न निकालात निघाला आहे’ ही दोन्ही विधाने अभ्यास न वाचताच केलेली असतात, असे मी ठामपणे म्हणेन.

वादाच्या गदारोळात या क्षेत्रातले रोजच्या उपयोगाचे संशोधन मागे पडते, ही खेदाची गोष्ट आहे. रक्ततपासणीच्या अहवालावर प्रत्येक आकड्यासमोर पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी मर्यादा छापलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ पेक्षा आणि गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजला जातो. दोन वर्षे टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पारलिंगी पुरुषाचे हिमोग्लोबिन १२.५ आले, आणि प्रयोगशाळेत त्याची नोंद जन्माच्या वेळच्या लिंगाने असली, तर अहवाल ‘योग्य’ म्हणेल आणि आतड्यातून होणारा मंद रक्तस्राव नजरेतून सुटू शकेल. टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर हिमोग्लोबिन काही महिन्यांतच पुरुषांच्या मर्यादेत पोहोचते, हे वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांत सातत्याने दिसले आहे, त्यामुळे येथे पुरुषांची मर्यादा लावणे सयुक्तिक ठरते. मूत्रपिंडाचे काम मोजणाऱ्या क्रिएटिनिनच्या सूत्राचे तसे नाही. क्रिएटिनिन स्नायूंच्या प्रमाणावर अवलंबून असते, स्नायू संप्रेरकांमुळे हळूहळू बदलतात, आणि सूत्रात स्त्री किंवा पुरुष यांपैकी एकच पर्याय भरावा लागतो; म्हणून औषधाची मात्रा नेमकी ठरवायची असेल तेव्हा स्नायूंवर कमी अवलंबून असलेली सिस्टॅटिन सी ही तपासणी सुचवली जाते.

पुरःस्थ, म्हणजे प्रोस्टेट, ग्रंथीची गोष्ट याहून निराळी आहे. जननेंद्रियांची शस्त्रक्रिया झाली तरी पारलिंगी स्त्रीच्या शरीरात ही ग्रंथी सामान्यतः तशीच ठेवली जाते, पण इस्ट्रोजेनमुळे तिच्याशी संबंधित पीएसए या प्रथिनाची रक्तातली पातळी इतकी खाली जाते की या ग्रंथीच्या कर्करोगाची शंका तपासताना पुरुषांसाठी वापरली जाणारी ४ ही मर्यादा तिच्या बाबतीत खोटा दिलासा देऊ शकते. प्रयोगशाळेने तिची नोंद केवळ ‘स्त्री’ अशी केली असेल तर ही तपासणी सुचवलीच जाणार नाही, आणि केवळ ‘पुरुष’ अशी केली असेल तर आकडा चुकीच्या मापाने वाचला जाईल. म्हणून जन्मतः नोंदवलेले लिंग, आजचा लिंगभाव, शरीरात असलेले अवयव आणि चालू असलेली संप्रेरके या चार गोष्टींसाठी वैद्यकीय नोंदीत स्वतंत्र रकाने ठेवावेत, अशी मागणी या क्षेत्रातले संशोधक करत आहेत.